स्पर्धा मोज्यांची की घड्याळाची?

गेल्या डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने आमच्या शाळेत ज्या अनेक स्पर्धा झाल्या, त्यांत लोकरीचे मोजे विणण्याची स्पर्धा अगदी नवी होती. खो-खो, वक्तृत्व आणि रांगोळी यांच्या पंगतीत हे मोजे कोठून येऊन बसले, असे पुष्कळांनी हसत हसत विचारले. प्रथम आम्हीही हसलोच. पण पुढे आम्ही त्या स्पर्धेत नाव दिले, पाच दिवस चित्रकलेच्या वर्गातील लांब बाकांवर बसून लोकरीशी झुंजलो आणि शेवटून तिसरे आलो. हरलेल्याने नियमांवर टीका करावी हे शोभत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि आमचे मत हरण्याच्या दिवशी बनलेले नाही. त्यानंतर महिन्याभराने आम्ही जे पाहिले त्यावरून ते बनले, आणि म्हणूनच ते वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहोत.

नियम थोडक्यात असे होते. प्रत्येक संघात तिघे असावेत. दोघांनी एकेक मोजा विणावा आणि तिसऱ्याने ओळी मोजून वहीत मांडाव्यात. लोकर आणि सुया शाळेने दिल्या, त्या सर्वांना सारख्याच. शाळा सुटल्यावर रोज एक तास, असे पाच दिवस. शंभरांपैकी साठ गुण जोड लवकर पुरा करण्यास, चाळीस गुण सुबकपणास. तयार झालेला जोड टेबलावर पसरून ठेवावयाचा आणि परीक्षकांनी तो पाहावयाचा. (पायात घालून पाहावयाचा, असे कोणत्याही कलमात नव्हते. कंसातले हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, ही विनंती.)

ज्यांनी कधी सुया हातात धरल्या नाहीत त्यांच्यासाठी येथे थोडे सांगणे भाग आहे. मोजा विणणे म्हणजे मफलर विणणे नव्हे. मफलर सरळ सडकेसारखा असतो. कोठेही थांबावे, काही बिघडत नाही. मोज्याला मात्र वळण आहे. तीन सुयांवर सोळा सोळा मिळून अठ्ठेचाळीस टाके घालावयाचे आणि चौथ्या सुईने विणीत गोल गोल उतरावयाचे. वर दोन सुलट, दोन उलट असा ताणला जाणारा काठ, त्याखाली नडगीचा भाग. टाचेशी आले की हा गोल प्रवास थांबतो. निम्मे, म्हणजे चोवीस टाके एका सुईवर घेऊन चोवीस ओळी मागे-पुढे विणाव्या लागतात. त्यांची टाचेमागची पट्टी होते. मग मधल्या टाक्यांपासून आरंभ करून, प्रत्येक वेळी थोडे पुढे जाऊन, दोन टाके एकत्र विणून, ओळ पुरी न करताच परत फिरावयाचे. असे करता करता चोवीसांचे चौदा टाके उरतात आणि सपाट विणीला डोळ्यांदेखत वाटीसारखी खोली येते. आमच्यापैकी एकीने हे प्रथमच केले होते. ती वाटी पाहून तिने शेजारच्या संघालाही हाक मारली, आणि त्यांनीही आपले विणणे टाकून ती पाहिली. पट्टीच्या दोन्ही कडांवरून बारा बारा टाके उचलले की एकूण बासष्ट होतात. ते एक फेरी आड दोन दोनांनी कमी करीत पुन्हा अठ्ठेचाळीसांवर आणावे लागतात. शेवटी चवडा निमुळता करीत बोटांशी तोंड बंद करावयाचे. वहीतील नोंदींवरून आम्ही हिशेब मांडला, तेव्हा एका मोज्यात सुमारे सहा हजार टाके निघाले.

तिसऱ्या दिवशी या वहीनेच आमचा घात केला. आमच्या मोजणाऱ्याने नोंदी ताडून पाहिल्या, तर एका मोज्याच्या टाचेची पट्टी चोवीस ओळींची आणि दुसऱ्याची अठ्ठावीस ओळींची! दोन्ही टाचा तोवर वळून झाल्या होत्या. पाऊलही सुरू झाले होते. टेबलावर थोडे ओढून ठेवले असते तर हा फरक कोणाच्या लक्षात आला नसता. एक जण म्हणाली, राहू दे, सर्वांच्या पुढे आहोत. दुसरीने काही न बोलता सुया काढून घेतल्या आणि धागा ओढला. पाऊण तासाचे काम पाच मिनिटांत उसवून गुंडाळले गेले. तेव्हाच आमचे साठ गुण गेले. पाचव्या दिवशी दोन्ही मोजे पुरे झाले, ओळीस ओळ जुळली. पण जोड काही केल्या जुळेना. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. तीच लोकर, त्याच सुया, तितकेच टाके, तरी एका मोज्याचा घेर दुसऱ्याहून अर्धा इंच जास्त! सुबकपणाचेही गुण गेले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हाताने मोजे विणण्यात वेगाला साठ गुण द्यावेत काय? आमचे नम्र मत असे, की देऊ नयेत. कारण वेगाची ती शर्यत माणसाने फार पूर्वीच सोडून दिली आहे. इंग्लंडातील विल्यम ली या धर्मोपदेशकाने १५८९ साली मोजे विणण्याचा माग तयार केला. एलिझाबेथ राणीने त्याला एकस्व दिले नाही; हाताने विणून पोट भरणाऱ्यांचे काय होईल, अशी चिंता तिने व्यक्त केली असे सांगतात. बिचारा ली फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. माग मात्र राहिला, वाढला, आणि आज लुधियान्याच्या कारखान्यांत आपल्या मोज्यांचे ढीग यंत्रांवरून काही मिनिटांत उतरतात. नेदरलँड्समधील मिरियम टेगेल्स यांनी २००६ साली एका मिनिटात ११८ टाके विणून जागतिक विक्रम केला. त्या वेगाने अखंड विणले तर आमचा मोजा तासाभराच्या आत होईल. आमचे हात मिनिटाला पंचवीस टाके विणतात. विक्रमवीर बाईंच्या मानाने आम्ही गोगलगाय, आणि यंत्राच्या मानाने त्याही गोगलगायच. मग घड्याळ लावून आम्ही नेमके कोणाला हरवीत होतो?

यावर काही जण म्हणतील, वेग नाही तर स्पर्धा कसली? पण वक्तृत्वस्पर्धेत घंटा असते, म्हणून जो आधी भाषण आटोपील त्याला आपण ढाल देत नाही. गायनस्पर्धेत जो सर्वांआधी भजन संपवील तो पहिला, असा नियम केला तर काय प्रकारचे गायन ऐकावयास मिळेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. मुदत वेगळी आणि शर्यत वेगळी. मुदतीविरुद्ध आमची तक्रार मुळीच नाही. उलट, ती नसती तर दुसरा मोजा कधीच पुरा झाला नसता. पहिला मोजा हौसेने होतो आणि दुसरा ट्रंकेच्या तळाशी जातो, हा अनुभव घरोघरचा आहे. आमच्यापैकी एकाच्या घरी असे तीन एकटे मोजे निघाले. तिघांचे रंग तीन.

मोज्यांची स्पर्धा हा पोरखेळ आहे, असे मात्र कोणी समजू नये. पहिल्या महायुद्धात खंदकांतील चिखलपाण्यात उभे राहून हजारो सैनिकांचे पाय कुजले. पाय कोरडे करणे, त्यांना तेल चोळणे, मोजे बदलणे हा शिस्तीचा भाग झाला आणि सैनिकांचे पाय तपासण्याचे काम अधिकाऱ्यांवर आले. देशोदेशींच्या बायका, पुरुष आणि मुले मोजे विणू लागली. १९१८ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात विणकामाचा मोठा मेळावा भरला होता. त्यात इतर कपड्यांबरोबर मोज्यांचे २२४ जोड तयार झाले. बोटांशी जाड शिवण राहिली तर ती चालताना घासते आणि फोड येतो. म्हणून समोरासमोरचे टाके शिवणीवाचून सुईने जोडून घेण्याची जी रीत आहे, तिला इंग्रजीत लॉर्ड किचनेर यांचे नाव पडले आहे. हेच किचनेर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. ही रीत त्यांची स्वतःची असेल असे आम्हांस वाटत नाही. सेनापती मोजे विणीत बसले होते, हे चित्रच डोळ्यांपुढे येत नाही. पण ज्या टाक्याला सेनापतीचे नाव मिळते, तो टाका कोणाच्या तरी पायाला लागत असणार, एवढे खरे.

आमचे बेळगाव हे तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे गाव. सकाळी शाळेत येताना जवानांच्या धावण्याच्या तुकड्या आम्हांस नेहमी दिसतात. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा हिमालयातील थंडीला पुरेल असा पोशाख पुष्कळ जवानांच्या अंगावर नव्हता, आणि देशभर घरोघरी लोकरीचे कपडे विणले जाऊ लागले. आमच्यापैकी एकीची आजी तेव्हा बारा वर्षांची होती. एक मोजा तिने विणला, दुसरा तिच्या आईने. मोजे पुरे झाल्यावर आईने ते पसरून पाहिले नाहीत. स्वतःच्या पायात चढवून पाहिले. मुलीने विणलेल्या मोज्याचा काठ टाचेवरून सहज जाईना. आईने तो पूर्ण उसवावयास लावला. त्या रात्री आपण जेवलो नाही, एवढेच आजी सांगते. आणि अजूनही कोणाचे विणकाम हातात आले की प्रथम काठ ताणून पाहते.

ही गोष्ट आम्ही स्पर्धेपूर्वी ऐकली असती तर बरे झाले असते. तिचा अर्थ आम्हांस जानेवारीत कळला. स्पर्धेतील सर्व मोजे शाळेने एका वृद्धाश्रमास दिले होते. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आम्ही तेथे गेलो, तेव्हा सहज पाहिले, कोणाच्या पायात काय आहे. पहिल्या क्रमांकाचा जोड एका आजींच्या उशाशी घडी करून ठेवलेला होता. त्या म्हणाल्या, फार सुंदर आहे, ठेवणीतला आहे. थोड्या आग्रहाने विचारले तेव्हा खरे कारण कळले. घाईघाईने घातलेले टाके इतके घट्ट बसले होते, की काठ सुजऱ्या घोट्यावर रुतत होता आणि काढला की लाल वळ उठत होता. आमचा विजोड जोड मात्र एका आजोबांच्या पायांत होता. त्यांचा डावा पाय सुजलेला, उजवा बरा. सैल मोजा डाव्या पायात, घट्ट उजव्या. “मापानंच केलंय की पोरींनी!” ते म्हणाले. आम्ही खरे ते सांगितले नाही. या अपघाताचे श्रेय आम्हांस घेता येत नाही, आणि आमचा जोड श्रेष्ठ होता असाही आमचा दावा नाही. दोन पाय सारखे असलेल्या माणसाला तो गैरसोयीचाच झाला असता. पण सौ गुणांच्या त्या परीक्षेत हे दोन्ही प्रकार कोठे दिसलेच नव्हते, कारण तेथे पाय नव्हता.

आणखी एक गोष्ट ओघाने सांगतो. मोजणारा तिसरा गडी मुलगाच असावा, असे नियमांत लिहिलेले नव्हते. तरी सर्व संघांत दोघी विणणाऱ्या आणि मोजणारा मुलगा, अशी विभागणी आपोआप झाली. हे कोणाला विचित्रही वाटले नाही. पेरू देशात तितिकाका सरोवरात ताकीले नावाचे बेट आहे. तेथे विणकामाच्या सुया पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या हातांत असतात, आणि त्यांच्या टोप्यांची वीण इतकी बारीक असते की युनेस्कोने त्या बेटाच्या वस्त्रकलेला मानवजातीच्या वारशात स्थान दिले आहे. आमचा मोजणारा पाच दिवस दुसऱ्यांचे टाके मोजता मोजता विणकाम शिकला. सध्या तो मफलर विणीत आहे. घरी तो दार लावून विणतो, हे येथे छापू नये असे त्याने सांगितले होते. पण आम्हा दोघींचे मत त्याच्याविरुद्ध पडले.

तेव्हा पुढील वर्षासाठी गुरुजनांकडे आमचे मागणे असे आहे. मुदत पाच दिवसांऐवजी दहा दिवसांची असावी आणि ती सर्वांना सारखी असावी. आधी संपविणाऱ्यास एकही जादा गुण नसावा. प्रत्येक संघास आरंभीच एका खऱ्या पायाचे माप मिळावे, मग तो पाय वृद्धाश्रमातील असो वा आमच्या शाळेच्या रात्रपाळीच्या शिपाईमामांचा असो. जोड एकदा धुऊन, वाळवून, त्या माणसाच्या पायात आठ दिवस राहू द्यावा आणि मगच गुण द्यावेत. निकाल संमेलनाच्या दिवशी लागणार नाही, टाळ्या उशिरा पडतील, हे आम्हांस मान्य आहे. आणि नावे घेताना मुलगे-मुली असा भेद करू नये.

पहिल्या आलेल्या संघाला आम्ही आजींच्या वळांची गोष्ट सांगितली, तेव्हा थोडी रागावारागवी झाली, हे लपवीत नाही. पण पुढच्याच रविवारी आम्ही सहाही जण वृद्धाश्रमात गेलो. त्यांनी स्वतःच तो घट्ट काठ टाक्याटाक्याने सोडविला, मोकळे टाके सुयांवर घेतले आणि सैल हाताने पुन्हा बंद केले. दोन्ही मोज्यांना मिळून दीड तास लागला. आजी शेजारी बसून गुंडा धरीत होत्या. घड्याळाकडे कोणी पाहत नव्हते. जेवणाची घंटा झाली तेव्हा दुसऱ्या मोज्याचे अकरा टाके राहिले होते, आणि ते पुरे होईपर्यंत आजी पानावर बसल्या नाहीत.