बिनदिव्याची सायकल

डिसेंबरात तानसेन समारोहाची रात्रीची बैठक उशिरा उठते, आणि हजिऱ्याहून लष्करकडे थंडीधुक्यातून सायकली निघतात. त्यांतील कित्येकींना दिवा नसतो. ‘रस्ता पाठ आहे, दिवा कशाला?’ हे आपल्या घराघरांतले ठरलेले उत्तर. परंतु दिवा केवळ रस्ता दिसावा म्हणून नव्हे. आपण दुसऱ्याला दिसावे म्हणूनही असतो. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे येते. एके काळी बिनदिव्याची सायकल पोलीस अडवीत. तो धाक ओसरला, मोटारी मात्र वाढल्या. जुन्या डायनामोचा दिवा चाक थांबले की विझे. हल्लीच्या बॅटरीच्या दिव्यांना ती अडचणही उरलेली नाही. मागची लाल काच स्वतः उजळत नाही, अंगावर पडलेला प्रकाश परत धाडते. धुळीने माखली किंवा लोंबत्या शालीखाली झाकली की ती असून नसून सारखीच. (आमच्या मंडळींचा काळा कोट रुबाबदार खरा, पण रात्री तो अंधारातच जमा!) सायंकाळच्या गायनवर्गाला मुले सायकलवर धाडणाऱ्या घरांनी वहीबरोबर मागचा दिवाही पाहून घ्यावा, आणि तो धुके उतरण्यापूर्वीच.