इंधनाची उधळपट्टी कोणाची?

रेल्वेच्या ऊर्जाबचतीचा विषय निघाला की प्रशासनाची नजर प्रथम इंजिनचालकाच्या हाताकडे वळते. त्याने किती युनिट वीज वापरली, ब्रेक लावताना किती वीज तारेत परत पाठवली, गाडी केव्हा स्वतःच्या गतीवर सोडली, याचा हिशेब मागितला जातो. हिशेब जरूर व्हावा, पण तो पुरा व्हावा. पुरा हिशेब मांडला तर आरोपीच्या पिंजऱ्यात चालक नव्हे, रेल्वेचे धोरण उभे राहते.

भिलाईचेच उदाहरण घ्या. १९५५ च्या सोव्हिएत सहकार्य करारातून उभा राहिलेला इथला पोलाद कारखाना देशाच्या रेल्वेला रूळ पुरवतो. दल्ली-राजहराचे लोहखनिज त्याच्याकडे रेल्वेनेच येते. पोलादी चाक पोलादी रुळावर धावते तेव्हा घर्षण अत्यल्प असते. म्हणून तेवढाच माल ट्रकने न्यायला कितीतरी अधिक इंधन लागते. असे असूनही १९५०-५१ मध्ये देशाच्या मालवाहतुकीत ८० टक्क्यांहून अधिक असलेला रेल्वेचा वाटा आज ३० टक्क्यांच्या आत आला आहे. इंधनाची सर्वांत मोठी उधळपट्टी ती ही. आणि ती कोणत्याही चालकाने केलेली नाही.

दुसरी उधळपट्टी तांबड्या सिग्नलपाशी होते. सुमारे ५,००० टन वजनाची भरलेली मालगाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्या गतीत जवळजवळ १९० युनिट विजेइतकी ऊर्जा साठलेली असते. कामगाराच्या घरात महिनाभर दिवे-पंखे चालतील एवढी ही वीज! गाडी थांबली की तिचा काही भाग नव्या इंजिनांतून तारेत परत जातो, उरलेला ब्रेकच्या ठोकळ्यांत जळून जातो. गाडी पुन्हा वेगाला आणण्यासाठी तेवढीच ऊर्जा पुन्हा खर्चावी लागते. देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशाची, आणि रेल्वेच्या मालापैकी जवळपास निम्मा माल कोळसाच! म्हणजे वाया गेलेल्या विजेसाठी पुन्हा कोळसा, आणि त्या कोळशासाठी पुन्हा वाघिणी.

गाड्या थांबतात का? मार्ग अपुरे आहेत म्हणून. मालगाडीचा सरासरी वेग वर्षानुवर्षे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास घुटमळत राहिला. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्या रद्द झाल्या, आणि त्याची झळ छत्तीसगडच्या गोरगरीब प्रवाशांना बसली. भिलाईहून नागपूरकडे येणाऱ्या याच मार्गावरील गोंदिया-डोंगरगढ चौथ्या मार्गिकेला मंजुरी मिळायला ऑक्टोबर २०२५ उजाडले. रूळ भिलाईत घडतात, आणि भिलाईच्याच वाटेवर मार्गिकांचा दुष्काळ पडतो!

नियोजनाची तऱ्हा पाहा. नोव्हेंबर २०१५ मध्ये मढौरा येथे १,००० डिझेल इंजिने बांधण्याचा करार अमेरिकी जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने संपूर्ण विद्युतीकरणाचा निर्णय घेतला. त्याच २०१८ मध्ये वाराणसीच्या सरकारी कारखान्यातील कामगारांनी जुन्या डिझेल इंजिनाचे विजेच्या इंजिनात रूपांतर करून दाखवले. बहुराष्ट्रीय कंपनीला बाजारपेठेची हमी, आणि स्वतःच्या कामगारांच्या कर्तबगारीला दुय्यम स्थान!

सिग्नलपाशी विजेबरोबर माणूसही खर्ची पडतो. अडकून पडलेल्या गाडीच्या चालकाची पाळी लांबत जाते. दहा तासांच्या कामाचे आश्वासन इंजिन कर्मचाऱ्यांनी ऑगस्ट १९७३ मध्ये लढून मिळवले. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपातही कामाच्या तासांचा प्रश्न होता. तरीही जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेच्या चालकांना विश्रांतीसाठी आंदोलन करावे लागले. झोपेविना डोळे तारवटलेल्या माणसाकडून काटकसरीची अपेक्षा धरणे म्हणजे निव्वळ ढोंग होय.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. नव्या मार्गिका वेळेत पुऱ्या करा. खनिज, कोळसा आणि पोलाद यांची लांब पल्ल्याची वाहतूक रेल्वेकडे परत आणा. रिक्त जागा भरा, आणि दहा तासांची मर्यादा काटेकोरपणे पाळा. विजेच्या प्रत्येक युनिटाचा हिशेब चालकाकडून घेणाऱ्यांनी सिग्नलपाशी वाया गेलेल्या प्रत्येक तासाचा हिशेब प्रथम जनतेला द्यावा!