सलाईनला होकार, लसीला नकार

पावसाची झड लागली की शेंदूरजनाघाटच्या दवाखान्यांत तापाने फणफणलेली माणसे दाटीने बसतात. ‘डाक्तर, एक सलाईन लावून द्या, उद्या बगीच्यात मजूर सांगतले हायेत,’ ही तिथली नेहमीची विनवणी. तापावर सुई मागून घेणारी हीच माणसे ताप येऊ नये म्हणून फ्लूची लस घ्या म्हटले की मागे सरतात. त्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पायात खिळा रुतला की याच गावातला माणूस स्वतःहून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला जातो, आणि कुत्रे चावले की लसीसाठी वरुडला धाव घेतो. पोलिओच्या डोसासाठी आयांनी लेकरे कडेवर घेऊन वर्षानुवर्षे बूथ गाठले, म्हणून तर २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. तेव्हा सुईची भीती आणि विज्ञानाचे वावडे ही कारणे बाजूला ठेवून खरी कारणे शोधली पाहिजेत.

पहिले कारण म्हणजे फ्लू हा आजार आपल्या हिशेबातच नाही. अंग मोडून आले, खोकला झाला की ‘व्हायरल आहे, तीन दिवसांत उतरते’ असे म्हणून विषय संपतो. बहुतेकांचा तो उतरतोही, म्हणूनच धोका दिसत नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत शिरलेला इन्फ्लुएंझा पुढे देशभर पसरला आणि पावसाळा सरता सरता मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. देशातील त्या बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. इतके मागे जायलाही नको. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा. २०१५ मध्ये याच आजाराने महाराष्ट्रात नऊशेहून अधिक माणसे नेली, २०१७ मध्ये पुन्हा सातशेहून अधिक. तो विषाणू आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूचा भाग झाला आहे. बातम्यांतून गेला, गावातून गेला नाही.

दुसरी शंका रास्त आहे: ‘मागच्या साली टोचून घेतली, तरी ताप आलाच.’ याचे उत्तर डॉक्टरांनी टाळू नये. विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचे घटक सुचवते आणि लस दरवर्षी घ्यावी लागते. लस आणि विषाणू यांचा मेळ चांगला बसला त्या वर्षीही डॉक्टरकडे जावे लागण्याचा धोका ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच कमी करते. शिवाय प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. मात्र लस घेतलेल्याला फ्लू झालाच तर तो अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची शक्यता घटते, आणि म्हाताऱ्या माणसासाठी सगळा फरक तिथेच पडतो. संत्र्याच्या झाडाला पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर बोर्डोमलम लावणाऱ्या बागायतदाराला हे वेगळे शिकवावे लागू नये. मलम लावूनही एखादे झाड डिंक्याने जाते, म्हणून पुढच्या साली तो लावायचे सोडत नाही.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे आणि ते करोनाने दिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात आधी लागली ती अमरावती जिल्ह्यात. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपुरात टाळेबंदी आली. त्यानंतर लस आली तेव्हा मेळघाटात ‘लस घेतली की माणूस मरतो’ ही अफवा लसीच्या आधी पोहोचली. कोरकू भाषेत, कोरकू माणसांच्या तोंडून समजावणे सुरू झाले, तेव्हा पाड्यांवरचे दार हळूहळू उघडू लागले. सपाटीवर मात्र समजावण्यापेक्षा लसीच्या प्रमाणपत्राचा धाक जास्त वापरला गेला. सक्तीने टोचणी होते, विश्वास होत नाही. सक्तीने विश्वास तुटतो, हे १८९७ च्या प्लेगात पुण्याने पाहिले आहे.

त्याच काळापासून कोणी तरुण अचानक गेला की बोट करोनाच्या लसीकडे जाते. हे भय हसण्यावारी नेऊ नये, त्याला माहितीने उत्तर द्यावे. कॅनडातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट आढळला. ज्याला हृदयाची काळजी वाटते, त्याने फ्लूच्या लसीपेक्षा फ्लूला अधिक भ्यावे. दुष्परिणामही लपवू नयेत. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, क्वचित तीव्र ॲलर्जी होते, आणि मज्जातंतूंचा गियाँ-बारे हा विकार दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होऊ शकतो. टोचायच्या लसीत मारलेला विषाणू असतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. बहुतेक लशी कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून बनवतात आणि नंतर शुद्ध करतात, हेही माळकरी घरात स्पष्ट सांगावे. निर्णय त्यांना घेऊ द्या. फसवले गेलो ही भावना एकदा बसली की ती पिढीभर टिकते.

आणि मग पैसा. खासगी दवाखान्यात एका डोसाला दीड-दोन हजार रुपये पडतात. बागेत तोडणीला जाणाऱ्या बाईची ती पाच-सहा दिवसांची मजुरी, घरात दोन म्हातारी माणसे असतील तर दुप्पट. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. राज्य सरकारने २०१५ मध्ये गर्भवती, मधुमेही आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ती मोफत देण्याचे ठरवले. वरुड तालुक्यातल्या किती शुगरच्या रुग्णांना हे ठाऊक आहे? लेकरांच्या लसींसाठी २ ते ८ अंशांची शीतसाखळी आरोग्य केंद्रांपर्यंत आधीच पोहोचली आहे आणि घरोघर जाणाऱ्या आशाताई आहेत. असे असताना जी लस समोर ठेवलीच जात नाही, तिच्याबाबत लोक कचरतात असे म्हणणे अन्यायाचे आहे. आमच्या मते इथला मोठा दोष कचरणाऱ्याचा नसून न देणाऱ्याचा आहे.

फ्लू आपल्याकडे जुलै ते सप्टेंबरात जोर धरतो आणि लसीचा असर यायला दोन आठवडे लागतात. म्हणजे मृग लागण्यापूर्वी, मे महिन्यातच ही लस सरकारी केंद्रांत आली पाहिजे, तारीख दवंडीने आणि मोबाइलवर कळली पाहिजे, आणि शंका विचारायला गावचाच डॉक्टर समोर बसला पाहिजे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने यंदाची मागणी आत्ताच नोंदवावी. आणि ज्यांच्या घरात साठी ओलांडलेले, दमा, शुगर वा बीपीचे रुग्ण, गरोदर सून किंवा सहा महिन्यांवरचे लेकरू आहे, त्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन ‘फ्लूची लस कधी येणार?’ एवढे विचारावे, आणि तारीख मिळेपर्यंत विचारत राहावे.