डोंगर जळाला की मोर शेतात येतो



बैठकीत अभयारण्याचा विषय काढला की कोणीतरी हमखास म्हणते, कापसाच्या भावाचे बोला, मोराचे काय घेऊन बसलात? आमचे म्हणणे असे, की मोराचा हिशेब आपल्याच वहीत लिहिला जातो आहे. खर्चाच्या बाजूला. तो हिशेब एकदा मांडून बघू.

पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या डोंगरात १९९४ साली सरकारने मयूर अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर, म्हणजे सात हजार एकरांहून जास्त. कागदावर हद्द ठरली, पाट्या लागल्या. पण मोराला पाटी वाचता येत नाही आणि वणव्यालाही येत नाही. हद्दीच्या आत चारापाणी असेल तर जनावर आत राहते, नसेल तर आपल्या वावरात येते.

बालाघाटात वणवा कसा लागतो ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात गवत कमरेएवढे वाढते. दिवाळीनंतर ते पिवळे पडते आणि शिमग्यापर्यंत वाळून कोळ होते. मग एक विडी पुरते. बांध पेटवला आणि वारा फिरला तरी पुरते. पऱ्हाट्यांचा ढीग जाळून माणूस जेवायला घरी गेला तरी पुरते. काही जण मुद्दामही पेटवतात, कारण डोंगर जाळला की पुढच्या पावसात गवत जोमाने येते अशी समजूत आहे.

ही समजूत अर्धीच खरी आहे. जुने काड जळाल्यामुळे पहिल्या पावसात हिरवे पटकन दिसते, एवढे खरे. पण दरसाल जाळले आणि वर कोवळ्या फुटीवर गुरे सोडली, तर मारवेल आणि पवन्या मागे हटतात आणि कुसळी उरते. कुसळीच्या बियाला शेपटी असते. दमट हवेत ती पीळ सोडते, वाळली की परत पीळ घेते आणि बी जमिनीत रुतवते. वरून आग गेली तरी ते खाली शाबूत राहते. म्हणजे आग लावणारा माणूस गुरांचा चारा जाळतो आणि शेळ्यामेंढ्यांच्या तोंडात टोचणारे कुसळ पेरतो.

आता मोराचे बघा. लांडोर झाडावर घरटे करीत नाही. पावसाळ्यात झुडपाच्या आडोशाला जमिनीवर अंडी घालते. एप्रिलमध्ये डोंगर जळाला तर जून-जुलैत आडोसा कुठला? किडे, सरडे, पडलेली बोरे, गवताचे बी, सगळे खाणे राख झालेले असते. त्याच वेळी खाली आपली पेरणी चालू असते. मोर ओळीने दाणे उकरतो. हरणांचा कळप कापसाचे कोवळे शेंडे खुडतो. मग दुबार पेरणी, मग पंचनाम्यासाठी हेलपाटे. आग डोंगरात लागली, बियाण्याची पिशवी मात्र आपण दोनदा विकत घेतली.

दुसरा हिशेब पाण्याचा. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. उघड्या, जळक्या उतारावर वळवाचा पहिला पाऊस पडला की राखेबरोबर माती ओढ्यात येते, ओढ्यातून तलावात आणि तलावातून धरणात. पाणी मुरत नाही, गाळ साठतो. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ती पाळी दुष्काळाने आणली हे खरे. पण उगमाचा डोंगर उघडा ठेवून धरण भरायची वाट बघणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे आहे.

सरकारला डोंगराची आठवण येते ती खड्डे घेताना. २०१६ साली राज्यात २ कोटी झाडे, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी, असे लक्ष्य चढत गेले. झाडे लावण्याला आमचा विरोध नाही. पण लावणाऱ्याचा फोटो निघतो, राखणाऱ्याचा निघत नाही. बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या साथीदारांनी वनखात्याच्या जमिनीवर सह्याद्री देवराई उभी केली. २०२० च्या फेब्रुवारीत तिथे वृक्ष संमेलन भरले आणि वडाच्या झाडाला अध्यक्ष केले गेले. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या उन्हाळ्यात, त्या देवराईला आग लागली. एवढे नाव झालेल्या डोंगराची ही गत, तर ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही त्या डोंगराचे काय?

शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य जखमी वन्यजीवांसाठी सर्पराज्ञी केंद्र चालवते. बऱ्या झालेल्या जनावरांना परत निसर्गात सोडायचे हे त्यांचे काम. काम मोलाचे आहे. पण सोडायचे कुठे? जनावर वाचवायला दोन माणसे पुढे आली. त्याचे घर वाचवायला गावे लागतील.

जळालेला डोंगर पुन्हा उभा करायचा तर पहिली गरज रोपांची नाही. पळस, खैर, बोर, सीताफळ यांची मुळे पुष्कळदा जिवंत असतात आणि बुडातून फुटवे येतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते सीताफळ या खडकात टिकते ते याच चिवटपणावर. अशा ठिकाणी यंत्राने खड्डे घेतले तर जिवंत मुळे तुटतात. त्यापेक्षा जळालेला तुकडा दोन-तीन पावसाळे चराईला बंद ठेवावा. घळींत दगडांचे आडवे बांध घालावेत. पहिल्या पावसाआधी मारवेल आणि पवन्याचे बी फेकावे. उन्हाळ्यात पाणवठे भरावेत. एवढे केले की बाकीचे काम डोंगर स्वतः करतो. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारने चराईबंदी केली आणि गवत कापून न्यायची रीत घातली. गवत वाढले आणि गावात दूधही वाढले.

प्रश्न एवढाच उरतो, की हे करायचे कोणी? आणि इथेच बीडचे खरे दुखणे आहे. वणव्याचा हंगाम फेब्रुवारी ते जून. आपल्या वाड्यातांड्यांवरची धडधाकट माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. आग लागते तेव्हा गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. वणवा विझवायला कोण धावणार? वनरक्षक एकटा काय करणार?

म्हणून आग विझवायच्या गोष्टी सोडा, आगीचे जळण आधी उचला. दसरा ते दिवाळी, टोळ्या निघायच्या आत, गवतात अजून कस असतो. तेव्हा हद्दीच्या आणि वाटांच्या कडेने रुंद पट्टे कापायला गावाला द्यावेत. सगळा डोंगर भादरू नये. मधले गवत लांडोरीला, सशाला, तित्तराला आडोसा म्हणून राहू द्यावे. कापणाऱ्याला मजुरी मिळेल आणि गवतही घरी नेता येईल. त्याच कामात वनखात्याची जाळरेषा तयार होईल. याने ऊसतोड थांबेल असे आश्वासन आम्ही देत नाही. पण मार्चमध्ये म्हातारीला दावणीच्या गाईची चिंता राहणार नाही.

कायदा आडवा येतो असे साहेब लोक सांगतील. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २९ मध्ये, अभयारण्यातून जे वनउत्पन्न काढले जाईल ते भोवतालच्या लोकांच्या स्वतःच्या गरजेसाठी वापरता येते, विक्रीसाठी नाही, असे लिहिले आहे. काढायला परवानगी लागते, ती मागू. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३३ ब मध्ये अभयारण्यासाठी सल्लागार समिती सांगितली आहे. तीत पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी असावेत असे म्हटले आहे. अभयारण्यात आग लावणे कलम ३० नुसार गुन्हा आहे, हे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. मग बाकीची कलमेही वाचून दाखवा.

दूरचा एक दाखला घ्या. ऑस्ट्रेलियात कांगारू बेटाचा जवळपास निम्मा भाग २०१९-२० च्या वणव्यात जळाला. तिथे एक लहानसा, उंदरासारखा दिसणारा दुर्मीळ प्राणी उरलासुरला सापडला तो शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीवर न जळलेल्या तुकड्यात. २०२० साली संस्था आणि शेतकऱ्यांनी मिळून त्याच जमिनीवर कुंपण घालून आसरा उभा केला. शेतकऱ्याला चोर न समजता भागीदार केले, म्हणून ते जमले.

भागीदारी म्हटली की आपलीही बाजू आली. डोंगराकडेचे बांध आणि पऱ्हाट्या जाळणे आपण बंद करू. पऱ्हाट्या बारीक करून वावरातच कुजवू. आग लावणारा आपल्या भावकीतला असला तरी त्याला पाठीशी घालणार नाही.

बैठकीत ठराव मांडावा तो असा:

१. दसऱ्यापासून हद्दीवरचे गवतपट्टे मजुरी देऊन भोवतालच्या गावांकडून कापून घ्यावेत आणि गवत त्याच गावांना द्यावे.

२. फेब्रुवारी ते जून गावातच राहणाऱ्यांमधून, बायाबापड्यांसह, पगारी राखणदार नेमावेत.

३. जळालेल्या तुकड्यावर रोपांच्या आधी चराईबंदी, दगडी बांध आणि गवताचे बी यांवर खर्च करावा.

४. सल्लागार समितीत आपल्या गावांचे प्रतिनिधी बसवावेत आणि तिच्या बैठका पाटोद्यात घ्याव्यात.

आम्ही मोरावर उपकार करायला निघालेलो नाही. राखणीचे काम करू, त्याचे दाम घेऊ. डोंगर हिरवा राहिला तर मोर डोंगरात राहील आणि आपले बियाणे आपल्या तासात.