चिमूटभर धातू आणि आपल्या उसाचा भाव



गळीत हंगाम संपला की कारखान्याच्या आवारात दोनच गोष्टींची चर्चा असते. एक पुढचा हप्ता आणि दुसरी इथेनॉलचा दर. हप्त्याबद्दल सर्वसाधारण सभेत बोलणं होईलच. आज आम्ही दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत, पण सुरुवात जरा लांबून करणार आहोत. विषय रसायनशास्त्राचा आहे म्हणून कोणी पान उलटू नये. त्याचा आपल्याशी संबंध आहे, आणि तो पैशाचा आहे.

आपल्या उसात ठिबकची काळी नळी अंथरलेली असते. बांधावर खताचं रिकामं पोतं पडलेलं असतं. त्या पोत्यात युरिया होता. घरी फळीवर वनस्पती तुपाचा डबा असतो. या वस्तूंत धातू कुठं दिसत नाही, पण धातूवाचून यातली एकही झाली नसती. युरियाला लागणारा अमोनिया लोखंडाच्या साहाय्याने तयार होतो. तेलाचं तूप करायला निकेल लागतं. नळीचं आणि पोत्याचं प्लास्टिक बहुतेक टायटॅनियमच्या संयुगाच्या मदतीने बनतं. असं काम करणाऱ्या पदार्थाला शास्त्रज्ञ उत्प्रेरक म्हणतात. आपल्या भाषेत तो लग्न जुळवणारा मध्यस्थ. दोन्हीकडच्या मंडळींना एकत्र आणतो, अक्षता पडल्या की बाजूला होतो आणि दुसरं स्थळ जुळवायला मोकळा. म्हणून तो चिमूटभर लागतो आणि माल मात्र टनांनी निघतो.

आता या मध्यस्थाने आपलं काय बिघडवलं ते पाहू. मळीपासून स्पिरिट आणि स्पिरिटपासून ॲसिटिक ॲसिड, असा धंदा महाराष्ट्रातल्या काही कारखान्यांनी केला. रंग, औषधं, कापड अशा कितीतरी धंद्यांना हे ॲसिड लागतं. पण १९७० साली अमेरिकेत टेक्सास राज्यात मोन्सँटो कंपनीने नवा कारखाना सुरू केला. तिथे स्पिरिटचं कामच नव्हतं. मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून मिळणारा माल, एकत्र आणून थेट ॲसिटिक ॲसिड निघू लागलं. मध्यस्थ होता रोडियम, सोन्याच्या पंगतीला बसणारा धातू. त्याच्या संयुगात कार्बन धातूला थेट जोडला जातो, जुळणी होते, आणि धातू पुन्हा पहिल्यासारखा होतो. शंभरातलं नव्व्याण्णव मिथेनॉल कारणी लागतं, वाया जवळजवळ काहीच जात नाही. पुढे १९९६ साली बीपी कंपनीने रोडियमच्या जागी इरिडियम आणलं आणि खर्च आणखी उतरला. आज जगातलं बहुतेक ॲसिटिक ॲसिड मिथेनॉलच्याच वाटेने येतं.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. आपल्या उसात खोट नव्हती, मळीत नव्हती, कामगारांच्या कष्टातही नव्हती. हजारो मैलांवरच्या एका प्रयोगशाळेत चिमूटभर धातूचं गणित सुटलं आणि इथल्या स्पिरिटचं एक गिऱ्हाईक हातचं गेलं. आपण रात्री-अपरात्री पाणी पाजलं, तोड आणली, गाड्या भरल्या. भाव मात्र ठरला दुसऱ्याच ठिकाणी.

मग आता इथेनॉल आहे ना, असं सभासद म्हणतील. आहे, आणि त्याने कारखान्यांना चांगला आधार दिला हे आम्ही नाकारत नाही. पेट्रोलमधलं मिश्रण २०२२ साली दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर गेलं. पण डिसेंबर २०२३ आठवून पाहा. एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. नंतर ती सैल झाली आणि पुढच्या वर्षासाठी उठलीही. पण ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या वाढवल्या होत्या, त्यांची झोप उडाली ती उडालीच. त्याच २०२३-२४ च्या वर्षात धान्यापासूनच्या इथेनॉलने उसाच्या इथेनॉलला मागं टाकलं. एकाच गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहणाऱ्याला त्याचाच भाव घ्यावा लागतो, हे बाजार समितीत माल नेणाऱ्याला सांगायला नको.

दुसरं गिऱ्हाईक होऊ शकतं का? होऊ शकतं. स्पिरिटची वाफ तापलेल्या ॲल्युमिनावरून नेली की त्यातलं पाणी सुटतं आणि इथिलीन वायू मिळतो. याच इथिलीनपासून पॉलिथिन होतं. हिशेब सोपा आहे. टनभर उसाच्या रसापासून थेट केलं तर सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळतं. वजनाने ते ५५ किलो. त्यातून जास्तीत जास्त ३३ किलो इथिलीन निघेल. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनीने २०१० साली त्रिउंफो गावी वर्षाला दोन लाख टन पॉलिथिनचा कारखाना याच मार्गाने उभा केला, आणि त्याचा कच्चा माल ऊसच. म्हणजे आपल्या ठिबकची नळीसुद्धा उसातूनच निघू शकते. अर्थात खनिज तेलाचं इथिलीन स्वस्त असेल तेव्हा हा माल महाग पडतो, हेही लपवायचं कारण नाही. तो स्वस्त कसा पडेल, हाच संशोधनाचा प्रश्न आहे. आणि तो आपल्यासाठी दुसरा कोणी सोडवून देणार नाही.

इथे एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. जर्मनीत रूर नदीकाठी म्युलहाइम गाव आहे. मुलूख कोळशाच्या खाणींचा. तिथे १९१२ साली कोळशाच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली आणि तिला कोळसा धंद्याने पैसा पुरवला. १९४३ साली कार्ल त्सिग्लर यांना संचालकपदासाठी बोलावणं आलं. ते म्हणाले, येतो, पण काय शोधायचं ते मी ठरवणार. खाणवाल्यांनी अट मान्य केली. त्सिग्लर ॲल्युमिनियमला कार्बनच्या साखळ्या जोडलेल्या संयुगांवर काम करीत होते. हवा लागली की पेट घेणारा तो पदार्थ! एकदा प्रयोग भलतीकडेच गेला. शोध घेतल्यावर कळलं, भांड्यात आधीच्या कामाचं निकेल किंचित राहिलं होतं. दुसरा कोणी भांडं घासून मोकळा झाला असता. त्यांनी एकेक धातू घालून पाहायला सुरुवात केली, आणि १९५३ साली टायटॅनियमपाशी आले. ज्या पॉलिथिनला त्याआधी हजार वातावरणांहून जास्त दाब लागायचा, ते काचेच्या साध्या बरणीत तयार झालं. इटलीत जुलिओ नात्ता यांनी लगेच १९५४ साली त्याच जातीच्या उत्प्रेरकाने पॉलिप्रॉपिलिन केलं. दोघांना १९६३ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. आणि त्या पेटंटांच्या उत्पन्नावर कोळशाची ती संस्था कित्येक वर्षं चालली.

खाणवाल्यांनी पैसे दिले कोळशासाठी, आणि निघालं प्लास्टिक. संशोधन असंच असतं. लागवड केली आणि अठरा महिन्यांनी तोड आली, असा त्याचा हिशेब नाही.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. कारखान्यांनी मिळून १९७५ साली काढलेली, आज वसंतदादांच्या नावाने ओळखली जाणारी साखर संस्था मांजरीला आहे. पुण्यातच १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि उत्प्रेरकांवर तिथे वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. दोन्हीमध्ये तासाभराचा रस्ता. मग स्पिरिटपासून पुढच्या मालासाठी लागणाऱ्या उत्प्रेरकांवर दहा-वीस कारखान्यांनी मिळून तिथे काम का सोपवू नये?

आमची सूचना अशी. टनामागे एक रुपया. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे पाच लाख होतात. तेवढ्यात काही होणार नाही. पण असे दहा कारखाने एकत्र आले तर वर्षाला पन्नास लाख होतात. त्यातून पाच-सात तरुण शास्त्रज्ञ निर्धास्तपणे काम करू शकतील. त्यांत आपल्याच सभासदांची मुलंमुली असावीत, आणि निघणाऱ्या पेटंटात कारखान्यांचा हिस्सा असावा.

"आधी आमची थकबाकी द्या, मग धातू शोधा," असं कोणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे. थकबाकीच्या पैशाला हात लावून हे करावं असं आम्ही कधीच म्हणणार नाही. शिवाय दहा वर्षं पैसे घालून हाती काही लागणार नाही, असंही होऊ शकतं. पण बेणं विकत घेताना उगवणीची खात्री कोण देतो? तरी आपण सरी सोडतोच.

सहकाराने आपल्याला काटा दिला, गाळप दिलं, आसवनी दिली. मळीपासून पुढची विद्या मात्र अजून आपल्या मालकीची नाही. ती जोवर दुसऱ्याच्या हातात आहे, तोवर भावही त्याच्याच हातात राहील. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय सभासदांनी स्वतः मांडावा. संचालक मंडळाला प्रश्न विचारावेत, आणि आमचं चुकत असेल तर आमचे कानही उपटावेत.

जय सहकार!