'ही तर कारकुनी!'

२ सप्टेंबर २०२३ रोजी दुपारी बाराच्या आत 'आदित्य एल-१' हे यान श्रीहरिकोट्याहून सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले. त्या आठवड्यात आपल्याकडे सूर्याचे जेवढे कौतुक झाले तेवढे रथसप्तमीलाही होत नसेल. कौतुक व्हावे हे योग्यच होते. पुण्याच्या आयुकात घडलेली दुर्बीण त्या यानावर आहे, याचा मलाही अभिमान वाटला. पण नेमक्या त्याच तारखेला, १६४ वर्षांपूर्वी आणि तेही दुपारच्या आतच, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सूर्याच्या एका तडाख्याची नोंद झाली होती. साऱ्या जगाचे शास्त्रज्ञ आज तिचा आधार घेतात. त्या गदारोळात मी वाचलेल्या एकाही लेखात तिचा उल्लेख नव्हता.

नुसता विसर पडला असता तर मी एवढा तापलो नसतो. विसरणे हा मनुष्यधर्मच आहे. पण पुढे एका परिसंवादात मी ही आठवण काढली, तेव्हा शेजारी बसलेले एक विद्वान प्राध्यापक हसून म्हणाले, "अहो, सुईचा आकडा वाचायचा आणि वहीत मांडायचा, यात संशोधन ते काय? ही तर कारकुनी!" सभागृहात हशा पिकला. त्या हशाला उत्तर म्हणून हा लेख आहे. प्राध्यापकांचे नाव मी सांगणार नाही. हे मत त्यांच्या एकट्याचे असते तर लेख लिहिण्याचे कारणच नव्हते.

आधी ती नोंद कशाची होती ते पाहू. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे, हे आपण शाळेत शिकतो. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा एक वारा अखंड वाहत असतो. त्याला सौरवात म्हणतात. हा वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला सूर्याच्या बाजूने दाबतो आणि पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे दहापट अंतरावर आणून ठेवतो. पाठीमागे मात्र त्याची शेकडो त्रिज्या लांब शेपटी ओढून काढतो. असे जे क्षेत्र उरते ते चुंबकांबर. एरवी ते आपले रक्षण करते. पण सूर्यावरून एखादा प्रचंड ढग सुटला आणि त्याच्या पोटातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असले, म्हणजे चुंबकांबराचे दार उघडते. मग पृथ्वीभोवती कित्येक हजार मैलांवर विजेचा एक वर्तुळाकार प्रवाह बळावतो, आणि त्याच्या उलट्या जोराने जमिनीवरच्या सुईचे आडवे बल घटते. हेच चुंबकीय वादळ. आभाळ निरभ्र असते, पान हलत नाही, फक्त सुई हलते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन या ज्योतिर्विदाने सूर्याच्या डागांजवळ पांढऱ्या प्रकाशाचा झोत पाहिला. साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, आणि काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही तारा चालू राहिल्या. तिकडील मोठ्या वेधशाळांत छायाचित्राने आपोआप नोंद करणारी अद्ययावत यंत्रे होती. वादळ एवढे मोठे होते, की त्यांची रेघ कागदाच्या बाहेरच निघून गेली. शिवाय उत्तरेकडच्या त्या ठिकाणी ध्रुवीय प्रकाशाबरोबर डोक्यावरून वाहणारे प्रवाह सुईला आणखी भलतेच नाचवीत होते.

कुलाब्याला असले यंत्र नव्हते. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेले, लोंबत्या चुंबकाचे साधे उपकरण होते, आणि दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा वाचणारा माणूस होता. नियम असा, की दर तासाला आकडा वाचावयाचा. सुई अस्वस्थ दिसली की काही मिनिटांच्या अंतराने वाचावयाचा. त्या शुक्रवारी सकाळी सुई कोसळू लागली, आणि वाचणारा वाचीत राहिला. आडवे बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले, म्हणजे मुंबईच्या एकूण आडव्या बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास. हा आकडा किती मोठा ते कळण्यासाठी एकच सांगतो. मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालविली आणि साठ लाख लोक अंधारात ठेवले, त्याची तीव्रता, चार ठिकाणांची सरासरी काढणाऱ्या आजच्या निर्देशांकाने, ५८९ भरली. लडाखमधील हानले येथून ज्याची तांबडी आभा टिपली गेली ते मे २०२४ चे वादळ सुमारे ४०० चे. एका जागेचा आकडा आणि सरासरीचा आकडा यांची सरळ तुलना करू नये, हे मी जाणतो. पण फरक डोळ्यांत भरतो.

आता माझ्या प्राध्यापक मित्रांना मी विचारतो: त्या सकाळी त्या माणसाने 'यात संशोधन ते काय?' असे म्हणून जेवणाची सुट्टी घेतली असती, तर? आपण काय वाचतो आहोत हे त्याला माहीत नव्हते. ते जगात कोणालाच माहीत नव्हते. तेहतीस वर्षांनी, १८९२ मध्ये, लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या महापुरुषाने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून गणित मांडून सांगितले, की पृथ्वीवरच्या चुंबकीय वादळांचा सूर्याशी कार्यकारणसंबंध असू शकत नाही. त्यांच्या आकडेमोडीत दोष नव्हता. सौरवाताची कल्पनाच तेव्हा जन्मली नव्हती. ती पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडली. थोर गणितज्ञाचा निष्कर्ष पडला, आणि कारकुनाची वही उभी राहिली. २००३ मध्ये सुरुतानी, गोन्झालेस, लाखिना आणि अ‍ॅलेक्स या चौघांनी १८५९ च्या वादळाची तीव्रता ठरविली, ती कुलाब्याच्या त्या जुन्या आकड्यांवरून. शेवटचे दोघे आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. १४४ वर्षे तो आकडा छापील खंडात वाट पाहत पडून होता. कोणत्या समितीने, कोणत्या अर्जावर, 'अपेक्षित फलश्रुती' या रकान्यात काय लिहून घेऊन या कामाला पैसे दिले असते?

त्या वादळाला आज सगळे जग कॅरिंग्टनचे नाव देते. देवो. त्याने पाहिले आणि घाईने निष्कर्ष काढला नाही, हा त्याचा मोठेपणा. मला कुलाब्याच्या नावाचा झेंडा मिरवायचा नाही. आमच्याकडे असा झेंडा मिरविणारेही आहेत, आणि 'चुंबकांबर आमच्या ऋषींना ठाऊक होते' म्हणणारे त्यांच्याही पुढे आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही; ते आकडा मागितला की रागावतात.

'कारकुनी' या शब्दाला मात्र मी सोडणार नाही. ज्या केरूनाना छत्र्यांकडे टिळक गणित शिकले, ते केरूनाना तरुणपणी याच वेधशाळेत ऑर्लेबार यांच्या हाताखाली साहाय्यक होते. आणि ज्यांनी या कारकुनीचे विज्ञान केले त्या नानाभाई मूस यांचे नाव विज्ञान शिकविणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? १८९६ मध्ये ते कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या. ट्रामचा प्रवाह जमिनीतून पसरला की सुई सूर्याचे ऐकण्याऐवजी ट्रामचे ऐकणार, हे मूस यांनी ओळखले, आणि समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. पोरबंदरचा, चुंबकत्व नसलेला दगड निवडून आणला. लोखंडाऐवजी तांबे-पितळ वापरले. आणि मग त्यांनी जे केले तेच माझ्या मते या सगळ्या कथेतले सर्वांत मोठे काम. १९०४ पासून दोन वर्षे त्यांनी कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले. का? तर जुन्या सुईची भाषा नव्या सुईला समजावी आणि मालिकेत फट पडू नये म्हणून. विजेची ट्राम १९०७ च्या मे महिन्यात धावली. तोपर्यंत काम झालेले होते. १९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे आकडे दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केले, आणि वादळाच्या वेळी बल आधी किंचित चढते, मग कोसळते, मग दिवसचे दिवस सावकाश सावरते, हा क्रम त्यांतून वेगळा काढून दाखविला. पुढे १९६४ मध्ये मुंबईतील ट्रामही बंद झाल्या. अलिबागची सुई चालू आहे.

तरी प्रश्न येतोच, की आता उपग्रह असताना जमिनीवरच्या सुईची गरज काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. 'आदित्य' आपल्यापासून पंधरा लाख किलोमीटरांवर उभे आहे. तेथून निघालेल्या वादळाला इथे पोचायला वेगाप्रमाणे पाऊण-एक तास, तर कधी वीस मिनिटेही लागत नाहीत. तेवढी सूचना अमोल आहे. वीजमंडळाला, विमानांना, उपग्रह सांभाळणाऱ्यांना ती हवीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका साध्याशा वादळाने वरची हवा फुगली आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक खाली येऊन जळाले. पण येणारा पाहुणा किती मोठा हे सांगणे वेगळे, आणि त्याने घरात काय केले हे सांगणे वेगळे. दुसरी गोष्ट पृथ्वीवरच मोजावी लागते. म्हणूनच वादळाची तीव्रता आजही दक्षिण आफ्रिकेतील हर्मेनस, जपानातील काकिओका, होनोलुलू आणि सान हुआन या चार भूस्थानकांवरून ठरते. यान दहा-वीस वर्षे जगते. सूर्याचे एक चक्र अकरा वर्षांचे. कुलाबा-अलिबागच्या मालिकेत नवव्या चक्रापासून आजच्या पंचविसाव्यापर्यंतची हजेरी आहे. शतकातून एकदा येणाऱ्या वादळाचा अंदाज दहा वर्षांच्या आकड्यांवरून कोण बांधणार?

आणि यानभक्तांना आणखी एक आठवण. १९६३ मध्ये आपला पहिला अग्निबाण थुंबाहून सुटला, तो थुंबाहूनच का? चुंबकीय विषुववृत्त तेथून जाते म्हणून. हे विषुववृत्त जमिनीवर कोणी रंगवून ठेवलेले नव्हते. सुया घेऊन हिंडणाऱ्यांनीच ते शोधून काढले होते.

नुसती वही पुरते असे मी म्हणत नाही. १८५९ च्या त्या १६०० पैकी किती घट वर्तुळाकार प्रवाहाची आणि किती जवळच्या आयनांबरातील प्रवाहांची, यावर तज्ज्ञांचा वाद आहे, आणि तासाची सरासरी काढली तर आकडा बराच खाली येतो. वही आपला अर्थ आपण सांगत नाही; मूस लागतात. पण वहीच नसेल तर मूस येऊन काय करणार?

म्हणून माझे मागणे आहे, आणि ते मोठे नाही. वेध घेणाऱ्यांची जागा रिकामी झाली की ती भरावी. 'तूर्त स्थगित' हा शेरा जेवढे महिने राहील तेवढ्या महिन्यांची फट मालिकेत कायमची राहते, नंतर कितीही पैसा ओतला तरी. जुने खंड कोणाही विद्यार्थ्याला घरबसल्या पाहता येतील असे खुले करावेत. अलिबाग आता मुंबईकरांचे बागबंगल्यांचे गाव होत चालले आहे. तेथे काही नवे बांधावयाचे झाले, विजेची गाडी न्यावयाची झाली, तर मूस यांच्या वेळच्या सरकारने ट्रामच्या आधी दाखविली तेवढी तरी सभ्यता आपण दाखवावी आणि सुईला आधी विचारावे. आणि पदार्थविज्ञानाच्या वर्गात मुलांना एक लोंबता चुंबक, एक आरसा आणि एक मोजपट्टी देऊन वर्षभर दर तासाचा आकडा लिहावयास सांगावे. रात्रीची पाळी प्राध्यापकांनी घ्यावी.