स्थलांतरितांचा बिशप आणि शेवटची पायरी

कल्याण-डोंबिवली परप्रांतीयांनी भरली, अशी ओरड अधूनमधून होते. ओरडणाऱ्यांना आम्ही इतिहासाची आठवण करून देऊ इच्छितो. सहाव्या शतकातील कॉस्मास या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे ठिकाण म्हणजे आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच्याही आधी कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना दाने दिली. ते शिलालेख आजही वाचता येतात.

1988 मध्ये याच कल्याणच्या नावाने केरळमधून आलेल्या सिरो-मलबार कॅथॉलिकांचा धर्मप्रांत स्थापन झाला. पहिले बिशप पॉल चित्तिलप्पिळ्ळी हेही केरळचेच. पोटासाठी आलेल्या माणसाने आपली भाषा आणि आपली संघटना उभी करावी, हा त्याचा घटनादत्त अधिकार आहे. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. वर चढणाऱ्या समाजाने खालच्या पायरीवरच्या माणसाचे काय केले?

अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. आयर्लंडच्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा जॉन ह्यूज 1817 मध्ये अमेरिकेत आला. त्याने मजुरी केली, माळीकाम करता करता शिक्षण घेतले आणि 1842 मध्ये तो न्यूयॉर्कचा बिशप झाला. आयरिशांना तिथे हीन लेखले जाई. 1844 मध्ये फिलाडेल्फियात कॅथॉलिक चर्चेस जाळली गेली. ह्यूज यांनी आपल्या समाजासाठी शाळा काढल्या, कॉलेज काढले. हे कार्य मोठेच होते.

पण काळ्या गुलामांच्या मुक्तीचा प्रश्न आला तेव्हा हेच ह्यूज मागे सरले. गुलामगिरीविरोधकांना साथ द्या, असे आवाहन डॅनियल ओकॉनेल यांच्यासह हजारो आयरिशांनी मायदेशातून केले, त्याला ह्यूज यांनी विरोध केला. 1863 च्या न्यूयॉर्क दंगलीत आयरिश जमावाने काळ्यांना ठार मारले, त्यांच्या मुलांचे अनाथालय जाळले. आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या ज्या अमेरिकनांना जोतिरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्यांच्या बाजूला हा बिशप कधी उभा राहिला नाही.

बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता ती हीच. वरच्याची लाथ खाणारा खालच्याला लाथ मारतो. भारतीय चर्चही यातून सुटले नाही. पहिला भारतीय कार्डिनल 1953 मध्ये झाला, पहिला दलित कार्डिनल 2022 मध्ये! 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश 1990 मध्ये झाला, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. त्यांच्या न्याय्य मागणीला आमचा पाठिंबा आहे. पण चर्चनेही आपल्या शाळा, कॉलेजे आणि धर्मपीठांत त्यांना आधी वाटा द्यावा.

आणि आपणही सावध असावे. मराठवाड्यातून, खानदेशातून येऊन डोंबिवलीत फ्लॅट घेतलेल्या बांधवांनी नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराकडे पाठ फिरवली, तर ह्यूज यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.